पोलीस ॲक्शन आणि आमची भीती

आमच्या मराठवाड्यात एकाच दिवसाला तीन नावे आहेत. १७ सप्टेंबरला शाळेच्या मैदानावर आम्ही झेंडावंदन करतो तेव्हा त्याचे नाव 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन' असते. उर्दू पुस्तकांत तोच प्रसंग 'सुकूते हैदराबाद' म्हणून येतो. सुकूत म्हणजे पतन. आणि घरात, नांदेडच्या देगलूर नाक्यापासून लातूरच्या गंजगोलाईमागच्या गल्ल्यांपर्यंत, बुजुर्ग मंडळी त्याला फक्त 'पोलीस ॲक्शन' म्हणतात. त्यांच्या कालगणनेचा तो टप्पा आहे. जुन्या माणसाला जन्मसाल विचारा, तो सन सांगणार नाही. 'पोलीस ॲक्शन के दो साल पहले' असे सांगेल. अमक्याचे लग्न पोलीस ॲक्शननंतरचे, तमके घर पोलीस ॲक्शनच्या आधीचे. पण त्या ॲक्शनमध्ये झाले काय, असे नातवाने विचारले की उत्तर मिळते, "जाने दे बेटा. हो गया सो हो गया."

तिन्ही नावे आपापल्या जागी खरी आहेत. रझाकारांच्या जुलमात ज्यांची गावे होरपळली त्यांच्यासाठी ती मुक्तीच होती, आणि ते नाकारण्याचे आम्हाला काही कारण नाही. निजामाची राजवट ही लोकांची राजवट नव्हती. उर्दू माध्यमाच्या वर्गात स्वामी रामानंद तीर्थांविषयी आम्ही त्याच आदराने बोलतो, ज्या आदराने मराठी शाळेत बोलले जाते. प्रश्न आहे तो तिसऱ्या नावाचा. ते उच्चारताना आवाज खाली का जातो? आणि इतक्या वर्षांनंतर पुण्याच्या रस्त्यावर किंवा रेल्वेच्या डब्यात कुणी अनोळखी माणूस मारला गेला की तोच खालचा आवाज आमच्या घरांतून पुन्हा का ऐकू येतो?

पुण्याचा प्रसंग वाचकांच्या स्मरणात असेलच. २०१४ च्या जून महिन्याच्या सुरुवातीला छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रे कुणीतरी फेसबुकवर टाकली. शहरात तणाव पसरला, बसगाड्यांवर दगडफेक झाली. २ जूनच्या रात्री हडपसर भागात मोहसीन शेख नावाचा तरुण नमाज पढून मित्रासह घरी परतत होता. मूळचा सोलापूरचा, पुण्यात संगणक क्षेत्रात नोकरीला. जमावाने त्याला रस्त्यात गाठून मारहाण केली आणि त्यात त्याचा जीव गेला. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. दाढी आणि टोपी, एवढी ओळख पुरेशी ठरली.

लातूर आणि नांदेडच्या मुसलमान घरांत ही बातमी दूरची म्हणून आलीच नाही. 'लातूर पॅटर्न'च्या जोरावर बारावीचे गुण मिळवलेली आमची मुले अभियांत्रिकीला पुण्यालाच जातात, आणि नोकरीलाही तिथेच राहतात. हडपसर, कोंढवा ही नावे आम्हाला निलंगा, उदगीरइतकीच ओळखीची. त्या आठवड्यात घरोघरचे फोन वाजत होते आणि सगळ्या फोनांवर एकच मजकूर होता. टोपी खिशात ठेव. दाढी जरा कमी कर. रस्त्यात फोनवर उर्दू बोलू नकोस. मगरिबनंतर खोलीवरच थांब. नमाज खोलीतच पढ, अल्लाह कबूल करेल.

हे सल्ले ऐकताना आमच्या लक्षात आले की ते नवे नाहीत. फेसबुक नवे, मोबाइल नवा, हडपसर नवे. सल्ले मात्र तेच, जे आमच्या आजीने आमच्या वडिलांना दिले होते. तिला ते कुणी दिले, हे शोधायला गेलो तर वाट थेट १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत जाते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. खून काही फक्त मुसलमानांचे होत नाहीत, आणि प्रत्येक खुनाने समाज हादरत नाही. जमिनीच्या वादातून, भाऊबंदकीतून, दारूच्या गुत्त्यावर माणसे मारली जातात. लोक हळहळतात आणि कामाला लागतात. कारण त्या खुनाला कारण असते, आणि आपण त्या कारणापासून दूर आहोत अशी प्रत्येकाची समजूत घालता येते. ज्या खुनात मेलेल्याने काहीच केलेले नसते, त्याची समजूत कशी घालायची? 'त्याच्या जागी आपला असता' हे वाक्य तिथे खोटे पाडता येत नाही. ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूर-मुंबई एक्स्प्रेसमध्ये रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाने आधी आपल्या वरिष्ठाला, एका आदिवासी अधिकाऱ्याला, गोळ्या घातल्या आणि मग डब्या-डब्यातून जात तीन मुस्लिम प्रवाशांना मारले. त्यांतला एक मूळचा बिदर जिल्ह्याचा होता, म्हणजे उदगीर-देगलूरच्या शेजारचा. ज्याच्या हातातली बंदूक प्रवाशांच्या रक्षणासाठी होती त्याच्याकडूनच हे घडले. नंतर कित्येक महिने आमच्या बायका रेल्वेत निघालेल्या माणसाला दर तासाला फोन करीत होत्या, 'कहाँ तक पहुँचे?' एवढेच विचारायला.

आता १९४८ कडे वळू.

भारतीय फौजा १३ सप्टेंबरला हैदराबाद संस्थानात शिरल्या. मुख्य तुकडी सोलापूरकडून आली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग तिच्या ताब्यात गेले. १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. रणगाडे लष्कराचे आले आणि नाव मात्र पोलिसांचे पडले, कारण हा देशांतर्गत मामला आहे अशी भारत सरकारची भूमिका होती. लढाई म्हणाल तर पाच दिवसांत संपली. आमच्या बुजुर्गांची पोलीस ॲक्शन त्यानंतर सुरू झाली.

लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. तो आताचा धाराशिव. लातूरचा स्वतंत्र जिल्हा १९८२ साली झाला. शहर व्यापाराचे. १९१७ च्या सुमाराची गंजगोलाई आणि तिला येऊन मिळणारे रस्ते आजही त्या काळची भरभराट सांगतात. तिथे कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांच्या मोठमोठ्या पेढ्या होत्या. आणि याच लातुरात वकिली करणारा कासिम रझवी पुढे इत्तेहादुल मुस्लिमीनचा नेता आणि रझाकारांचा सरदार झाला. लाल किल्ल्यावर झेंडा लावण्याच्या गर्जना करणारा हा माणूस पकडला गेला, खटला झाला, शिक्षा भोगली आणि १९५७ मध्ये सुटून पाकिस्तानात निघून गेला. त्याच्या भाषणांची किंमत ज्यांनी मोजली ते इथेच होते. दुकानदार, विणकर, टांगेवाले, चपराशी, गावकामगार, त्यांच्या बायका आणि मुले. त्यांतल्या कितीजणांनी रझवीचे भाषण कधी ऐकले असेल, अल्लाह जाणे.

फौजा पुढे सरकल्या आणि मागे राहिलेल्या गावांत सूड सुरू झाला. काही ठिकाणी तो रझाकारांकडून छळ झालेल्यांनी घेतला. पण सूड म्हणून सगळ्याचा उलगडा होत नाही, कारण सोलापूरच्या बाजूने, सरहद्दीपलीकडून आलेल्या टोळ्याही यात होत्या, आणि त्यांचे लातूर-नांदेडच्या मुसलमानांनी काही बिघडवलेले नव्हते. मारताना कुणाचा गुन्हा तपासला जात नव्हता. नाव, पोशाख, दाढी. १९४८ ला हीच ओळख होती. हडपसरला आम्हाला जे आठवले ते हे.

हे सारे ऐकीव नाही. पंतप्रधान पंडित नेहरूंच्या सांगण्यावरून एक सद्भावना मंडळ हैदराबादेत आले. पंडित सुंदरलाल त्याचे प्रमुख. काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री हे सोबत. पंडितजी जुने स्वातंत्र्यसैनिक, काझीसाहेब उर्दूतले नामवंत लेखक-पत्रकार. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात हे मंडळ संस्थानातल्या १६ पैकी ९ जिल्ह्यांत फिरले. ७ जिल्ह्यांची ठिकाणे, २१ शहरे, २३ मोठी गावे त्यांनी पाहिली. जिथे जाता आले नाही अशा १०९ गावांतल्या ५०० हून अधिक लोकांशी बोलले.

त्यांच्या अहवालात चार जिल्हे सर्वांत वाईट म्हणून नोंदवलेले आहेत. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. या चारच जिल्ह्यांत मेलेल्यांची संख्या १८,००० पेक्षा कमी नाही, असे ते म्हणतात. सगळ्या संस्थानाचा अंदाज, तोही फार सावधपणे केलेला, २७,००० ते ४०,००० असा दिला आहे. लातूरबद्दल वेगळी नोंद आहे. तिथली कत्तल वीस दिवसांहून अधिक काळ चालली. सुमारे दहा हजार मुसलमान वस्तीपैकी मंडळाला जेमतेम तीन हजार आढळले. एक हजाराहून अधिक मारले गेले होते आणि उरलेले जीव घेऊन पळाले होते. ठिकठिकाणी मंडळाला प्रेतांनी भरलेल्या विहिरी दाखवण्यात आल्या. अशा एका विहिरीतली अकरा प्रेते त्यांनी स्वतः मोजली.

आमचे मन त्या अकरा या आकड्यापाशी अडते. सबंध अहवालात हा एकच आकडा अंदाजाचा नाही. बाकी सगळे 'सुमारे', 'किमान', 'पेक्षा कमी नाही'. सत्तावीस हजार आणि चाळीस हजार यांच्यामधले अंतरच तेरा हजारांचे आहे. एखाद्या मोठ्या कसब्याची वस्ती! तेवढी माणसे मेली की नाही हेच ठरलेले नाही.

याच लातूर जिल्ह्यातली दुसरी एक सप्टेंबरची पहाट यासोबत ठेवून पाहावी. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सरकारी हिशेबाने सात हजारांहून अधिक माणसे दगावली. दुःख अपार होते, पण त्याची मोजदाद झाली. गाववार याद्या झाल्या, कारण वारसांना मदत द्यायची तर यादी लागते. बावन्न गावे नव्याने वसवली गेली, आणि नवे घर कुणाचे हे ठरवायला जुने घर कुणाचे ते लिहावे लागले. त्या याद्यांत हिंदू होते, मुसलमान होते, दलित होते. त्या दुःखाला आज किल्लारीत जागा आहे, तारीख आहे, दरवर्षी श्रद्धांजली आहे. भूकंपग्रस्त माणूस आपल्या घरातले किती गेले हे चारचौघांत सांगू शकतो. पोलीस ॲक्शनमध्ये घरातले किती गेले हे चारचौघांत सांगणारा माणूस आम्हाला अजून भेटायचा आहे.

सुंदरलाल मंडळाचा अहवाल सरकारने स्वीकारला नाही, प्रसिद्धही केला नाही. सरदार पटेलांना तो एकांगी वाटला. त्यांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की देश नुकताच फाळणीतून बाहेर पडत होता आणि हे कागद लोकांसमोर आले तर आणखी आग लागेल अशी भीती दिल्लीत अनेकांना असणार. पण मग ती आग विझल्यावर तरी? अहवालाचे काही भाग अभ्यासकांनी पुढे छापले. २०१३ मध्ये तो दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात पाहता येतो अशा बातम्या आल्या आणि त्याच वर्षी ए. जी. नूरानी यांनी आपल्या इंग्रजी ग्रंथात तो दिला. पासष्ट वर्षे मध्ये गेली. ज्यांनी मंडळापुढे साक्षी दिल्या होत्या त्यांतले बहुतेक तोवर कब्रस्तानात पोचले होते. आपली साक्ष कुठे गेली, हे त्यांना कळलेच नाही.

मयत मोजली न गेल्याने काय होते, हे घरात शिरून पाहिले तर कळते. आपल्यात गुस्ल, कफन, जनाजा, दफन या चार गोष्टींनी माणूस नीट रवाना होतो. मग जियारत होते, फातिहा होतो, आणि घरातली रडणारी माणसे हळूहळू जेवू लागतात. ज्याचे प्रेतच मिळाले नाही त्याचा फातिहा कोणत्या तारखेला करायचा? त्याहून अवघड प्रश्न बायकोचा. नवरा मेला असेल तर तिची इद्दत कधीपासून, आणि मेला नसेल तर? ज्याची खबर नाही अशा नवऱ्याला फिकहमध्ये 'मफकूदुल खबर' म्हणतात. हनफी मतानुसार त्याच्या बायकोला इतका दीर्घ काळ थांबावे लागते की त्यात तिचे आयुष्य संपावे. म्हणूनच विसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या उलेमांनी या बाबतीत मालिकी मताचा आधार घेऊन चार वर्षांची मुदत मान्य केली, आणि १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यातही चार वर्षेच आली. कागदावर हा मार्ग होता. मराठवाड्यातल्या एखाद्या खेड्यातल्या बाईला १९५२ साली तो कुणी सांगितला असेल? अशा बायका सुहागन नव्हत्या आणि बेवाही नव्हत्या. त्यांच्याच हाताखाली आमच्या वडिलांची पिढी वाढली. 'टोपी खिशात ठेव' हे त्या बायकांचे वाक्य आहे.

म्हणून आम्ही म्हणतो की आमच्या घरात १९४८ इतिहास म्हणून आले नाही, सल्ला म्हणून आले. इतिहास असता तर त्याला सुरुवात आणि शेवट असता. कोणत्या गावात झाले आणि कोणत्या गावात नाही, कुणी मारले आणि कुणी वाचवले, असा फरक त्यात करता आला असता. सल्ल्यात असा फरक नसतो. सल्ला सगळ्यांना सगळीकडे सारखाच लागू.

ही भीती फक्त मनातच राहिली असेही नाही. जमिनी आणि घरे बळकावली गेल्याची नोंद अहवालातच आहे. खेड्यातले कितीतरी लोक तालुक्याला आले, तालुक्याचे जिल्ह्याला, काही थेट हैदराबाद शहरात गेले. ज्या गावात दोनच घरे मुसलमानांची, तिथे राहण्याची हिंमत उरली नाही. माणसे माणसांना चिकटून राहू लागली. आज वर्तमानपत्रे ज्याला 'मुस्लिमबहुल वस्ती' म्हणतात तिच्या पायात अशाही काही विटा आहेत. त्याच सुमारास राज्यकारभारातून उर्दू गेली आणि तिच्याबरोबर अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. राजभाषा म्हणून ती जायलाच हवी होती; बहुसंख्य लोक मराठी, तेलुगू, कन्नड बोलत असताना वरून लादलेली भाषा ती. पण कारकुनाला एका रात्रीत अडाणी ठरवणे ही वेगळी गोष्ट. पुढे १९५६ मध्ये संस्थानाचे तीन तुकडे झाले आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. नव्या राज्यातल्या बाकीच्या मुसलमानांना, कोकणातल्या काय नि खानदेशातल्या काय, ही हकिकत ठाऊकच नव्हती. अजूनही फारशी नाही. मराठी मुस्लिम साहित्यात कोकणचा समुद्र आहे, मुंबईची चाळ आहे. लातूरचा सप्टेंबर शोधावा लागतो.

आमच्या दुःखाबद्दल बोलताना शेजाऱ्याचे दुःख झाकायचे नाही, हेही इथेच सांगायला हवे. नांदेड जिल्ह्यातल्या बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे यांची १९४६ मध्ये हत्या झाली. स्टेट काँग्रेसचा निःशस्त्र कार्यकर्ता. हैदराबाद मुक्तिलढ्याचे पहिले हुतात्मे म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. बिदर जिल्ह्यातल्या गोर्टा गावात १९४८ च्या मे महिन्यात रझाकारांनी निरपराध गावकऱ्यांची कत्तल केली. त्या गावच्या आजीनेही नातवाला काही सल्ले दिले असतील, आणि त्यांत आमच्यापासून सावध राहण्याचा सल्ला पहिला असेल. आणि शोएबुल्ला खान? 'इमरोज' या उर्दू दैनिकाचा तरुण संपादक. संस्थानाने भारतात सामील व्हावे असे तो लिहीत राहिला. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादच्या रस्त्यावर रात्री त्याला गोळ्या घातल्या गेल्या, लिहिणारा हात तोडला गेला. मारणारे मुसलमान, मेलेला मुसलमान. उर्दू शाळांत शोएबुल्ला खानाचे नाव १७ सप्टेंबरला घ्यायला हवे. काही शाळा घेतात, फार थोड्या.

पुढच्या काळात भीतीला नवी कारणे मिळत गेली. २१ नोव्हेंबर २००३ ला, रमजानच्या अखेरच्या जुम्याला, परभणीच्या मोहम्मदिया मशिदीत स्फोट झाला. ६ एप्रिल २००६ ला नांदेडमध्ये एका घरात स्फोट होऊन दोन तरुण दगावले आणि ते बॉम्ब कुठे जाणार होते यावरून शहरात महिनोन्‌महिने कुजबुज चालली. तो खटलाही जानेवारी २०२५ मध्ये आरोपींच्या निर्दोष सुटकेने संपला. जुम्याच्या नमाजला चपला कुठे काढायच्या यापेक्षा दारातली बेवारस पिशवी कुणाची, याकडे आमच्या माणसांचे लक्ष अधिक असायचे ते दिवस होते.

मोहसीन शेखच्या बाबतीत एक गोष्ट १९४८ पेक्षा वेगळी घडली, आणि तिचे मोल कमी लेखू नये. त्याचे नाव नोंदले गेले. गुन्हा दाखल झाला, हिंदू राष्ट्र सेना या संघटनेच्या प्रमुखासह वीसहून अधिक जणांना अटक झाली, खटला उभा राहिला. सोलापूरचे एक साधे कुटुंब वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढले. १९४८ च्या कुणा मयताला हे भाग्य लाभले नव्हते.

पण पुढचे ऐका. जानेवारी २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघा आरोपींना जामीन देताना असे म्हटले की मयताचा दोष इतकाच की तो दुसऱ्या धर्माचा होता, आणि ही बाब आरोपींच्या बाजूने धरली. म्हणजे वैयक्तिक वैर नव्हते, धर्माच्या नावाखाली ते भडकले होते, असा त्याचा अर्थ. आम्ही शिक्षक माणसे, वाक्याचे पृथक्करण करण्याची सवय. ते वाक्य आम्ही अनेकदा वाचले. ज्या गोष्टीने आमच्या घरातली झोप उडवली होती, म्हणजे मारण्याला काही कारण नव्हते ही गोष्ट, तीच तिथे आरोपीच्या पारड्यात पडली होती. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि वेगवेगळ्या समूहांच्या हक्कांचा निवाडा करताना न्यायालयांनी या देशाच्या बहुविध रचनेचे पूर्ण भान ठेवावे, असे बजावले. आमच्या शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत त्या दिवशी वर्तमानपत्र हातोहात फिरले. नंतर २७ जानेवारी २०२३ ला पुण्याच्या सत्र न्यायालयाने पुराव्याअभावी सर्व आरोपींची मुक्तता केली. मोहसीनचे वडील हे ऐकायला नव्हते, ते २०१८ मध्येच वारले होते. तर मग त्या रात्री त्याला मारले कुणी? कायद्याच्या दृष्टीने या प्रश्नाला उत्तर नाही. विहिरीतल्या अकरा जणांना कुणी मारले, यालाही नाही.

तरीही आमच्या मते नाव नोंदले जाणे आणि न जाणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मोहसीनबद्दल आमचे विद्यार्थी बोलतात, वाद घालतात, निकालाबद्दल चिडतात. चिड ही भीतीपेक्षा बरी. चिडलेला मुलगा प्रश्न विचारतो, वकिलीला जाईन म्हणतो. आमच्या वर्गातल्या दोन मुली तसे म्हणाल्यासुद्धा.

आणि ही भीती केवळ आमची नाही, हे नांदेडकरांना वेगळे सांगायला नको. १ जून २०२३ ला नांदेडजवळच्या बोंढार हवेली गावात अक्षय भालेराव या बौद्ध तरुणाचा खून झाला. गावात बाबासाहेबांची जयंती साजरी करण्यात त्याचा पुढाकार होता. त्या गावातल्या बौद्धवस्तीतल्या आयांनी नंतर आपल्या पोरांना काय सांगितले असेल? निळा गमछा घालून जाऊ नकोस, अंधार पडायच्या आत ये. कापडाचा रंग तेवढा बदलला. भीम जयंतीची मिरवणूक आमच्या मोहल्ल्यातून जाते तेव्हा पाण्याचे ग्लास घेऊन उभी राहणारी आमची पोरे त्या जूनमध्ये गप्प होती, हे आम्ही पाहिले आहे.

सुंदरलाल अहवालात कत्तलीच्या पानांमधून एक बाजूला पडलेली नोंद आहे. अनेक ठिकाणी हिंदूंनी आपला जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले, आणि हा बंधुभाव एकच धंदा करणाऱ्यांत अधिक दिसला, असे मंडळाने लिहिले आहे. उदाहरण दिले आहे ते विणकरांचे. हिंदू विणकरांनी स्वतः झीज सोसून मुसलमान विणकरांना आसरा दिला. पळवून नेलेल्या मुसलमान बायका परत आणण्यातही कित्येक हिंदूंनी मदत केली. याचे कारण मंडळ देत नाही. आम्हाला असे वाटते की ज्याच्याकडून सूत उसने घेतले, ज्याच्या मागावर आपले पोर शिकले, त्याला ओळखायला टोपी किंवा दाढी लागत नाही. तो रहीम नाही तर शंकर असतो. जमावाला ओळख पटवण्यासाठी खूण लागते, शेजाऱ्याला लागत नाही. आज आमची मुले आणि त्यांची मुले वेगळ्या शाळांत, वेगळ्या वस्त्यांत वाढतात. एकत्र धंदा तर फारच थोड्यांचा उरला. उर्दू शाळेचा शिक्षक म्हणून हे लिहिताना आम्हाला संकोच वाटतो, पण गोष्ट खरी आहे.

त्या विणकरांची नावे त्या नोंदीत नाहीत. कोणत्या गावचे, तेही नाही. वाचवणाऱ्यांचीही मोजदाद कुणी केली नाही. 'अनेक ठिकाणी' एवढ्यावर भागले.

मागच्या सप्टेंबरात झेंडावंदन झाल्यावर आम्ही नववीच्या मुलांना एक काम दिले. घरातल्या, गल्लीतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडे जायचे आणि एवढेच विचारायचे, पोलीस ॲक्शनमध्ये तुम्हाला कुणी लपवले, किंवा तुम्ही कुणाला लपवले? कुणी मारले हे विचारायचे नाही. त्या प्रश्नाला 'जाने दे' हेच उत्तर मिळते. लपवणाऱ्याचे नाव सांगायला माणसे तयार होतात. अडतीस मुलांपैकी नऊ जणांनी काहीतरी लिहून आणले. एकात कडब्याची गंज आहे, एकात कोमट्याच्या दुकानामागची धान्याची खोली, एकात विठ्ठलाच्या देवळातला पुजारी ज्याने चार दिवस तीन पोरांना भाकरी पोचवली. नावे अर्धवट आहेत, गावे कधी आहेत कधी नाहीत. एका वहीत ती उतरवून ठेवली आहेत, गाववार. पोलीस ॲक्शनच्या वेळी जे दहा वर्षांचे होते ते आता नव्वदीला टेकले आहेत. या जूनमध्ये शाळा उघडली की पुढच्या नववीला आम्ही सप्टेंबरपर्यंत थांबायला लावणार नाही.